ग्राफचे पैसे वेगळे

मंगळवारी दुपारी दुकानात एक मुलगी आली. मराठीत पीएच.डी. करते. विषय, तिच्या आजोळच्या गावातल्या जात्यावरच्या ओव्या. पेनड्राइव्ह पुढे करून म्हणाली, "काका, ओव्यांचा पाय-चार्ट करून द्या ना."

मी म्हटलं, "कशाचा?"

"ओव्यांचाच. भाऊ किती टक्के, सासर किती टक्के, विठ्ठल किती टक्के. आलेख नसेल तर संशोधन वाटत नाही, असं कमिटीत म्हणाले."

करून दिला. चार रंगांत. ग्राफचे वीस रुपये मी वेगळे घेतो, तेही घेतले. पण तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते आज लिहून टाकतो. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो.

माझं पुण्यात टायपिंग, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. मी स्वतः बी.कॉम.च्या पुढे गेलो नाही, पण रसायनशास्त्र, कायदा, इतिहास, शेती, संस्कृत असं सगळं हाताखालून जातं. बाहेरून सगळे सारखेच. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, डावीकडे दीड इंच समास. मराठीतले असतील तर नावापुढे 'एक चिकित्सक अभ्यास'. हे तीन शब्द मी इतक्या वेळा मारलेत की त्याचा ठसाच करून ठेवावा म्हणतो.

मला प्रबंध मागून चाळायची खोड आहे. परिशिष्टं, तक्ते, फोटो, याद्या. माणसानं नक्की काय केलंय ते तिथे कळतं. रसायनवाल्याच्या मागे स्पेक्ट्रमचे कागद, नुसती शिखरं आणि दऱ्या. प्राणिशास्त्रवाल्याच्या प्लेट ग्लॉसी कागदावर. इतिहासवाल्याकडे एखाद्या मोडी कागदाची काळपट झेरॉक्स आणि खाली देवनागरी लिप्यंतर. कायदेवाल्याकडे खटल्यांची यादी, अमुक विरुद्ध तमुक, वर्षासकट. पुरावा म्हणजे काय, याचं प्रत्येक विषयाचं उत्तर वेगळं आहे, हे मला कुणी शिकवलेलं नाही. बाइंडिंग करताना कळलं.

आणि अलीकडे या मागच्या पानांमध्येच फरक पडत चाललाय. विषय कुठलाही असो, शंभर प्रश्नावल्या. होय, नाही, सांगता येत नाही. मग तक्ते, मग रंगीत आलेख, मग 'गृहीतक क्र. ३ सिद्ध झाले'. संतसाहित्यातही गृहीतक सिद्ध होतं! मी विद्वान नाही, पण हे बघून मला कसंतरी होतं. सगळ्यांना एकाच मापाचा शर्ट घालायचा आणि ज्याला बसत नाही त्याचे हात कापायचे, असं काहीसं.

भांडारकर संस्थेचं उदाहरण घ्या. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं (म्हणजे जुन्या पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवायचा, त्याचं) काम तिथे १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं. १९२५ पासून मुख्य संपादक होते विष्णु सीताराम सुखटणकर, केंब्रिजला गणित शिकलेले. त्यांची पद्धत मी पहिल्यांदा एका प्रबंधात टाइप केली तेव्हा हात थांबला होता. फुलस्केप कागदावर उभ्या-आडव्या रेघा. वर प्रचलित पाठातला श्लोक. खाली एकेका हस्तलिखिताला एकेक ओळ, आणि जिथे पाठ वेगळा, तिथे बरोबर त्याच अक्षराखालच्या रकान्यात तो भरायचा. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, अशा कितीतरी लिप्यांतल्या पोथ्या. थोडक्यात एक्सेलची शीट, फक्त शाईनं भरलेली.

त्यातून निघालं काय? व्यासांनी गणपतीला लेखनिक केल्याची गोष्ट मूळ संहितेतून परिशिष्टात गेली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीनं केलेला कृष्णाचा धावा तळटीपांमध्ये गेला. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी जुन्या पोथ्यांचा आधार नाही म्हणून बाजूला ठेवायच्या, याला छाती लागते. सुखटणकर १९४३ मध्येच गेले. पुढे बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी काम तडीला नेलं. यातल्या कुणालाही आज दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायला लावला असता, तर त्यात लिहिलं काय असतं? 'या सहामाहीत अमुक पर्वाचा अमुक अध्याय, काम चालू.'

डेक्कन कॉलेजातला संस्कृत कोश तर त्याहून पुढचा. १९४८ पासून चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या केल्या, कुठला शब्द कुठे कुठल्या अर्थानं आलाय त्याच्या. मोठमोठे खंड छापून झालेत, आणि अजून 'अ' चालू आहे. लोक हसतात. मीही हसलो होतो. पण कोशात घाई केली की काय होतं, ते आम्हा टायपिंगवाल्यांना विचारा. एका जागी ऱ्हस्वाचा दीर्घ झाला की शंभर पानांवर तीच चूक फिरते.

आता कायदा. कायद्याच्या संशोधनाचं एक उदाहरण मला मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा जास्त पटतं, आणि ते आहे फक्त एक पत्र. मथुरा प्रकरण. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमतीच, असा एकूण सूर. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार अभ्यासकांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी, सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यांनी केलं एवढंच की निकाल शब्दाशब्दानं वाचला. संमतीत शरण जाणं येतं, पण शरण गेली म्हणजे संमती दिली असं होत नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यावरून देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुराव्याच्या कायद्यात ११४-अ हे कलम आलं. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई न्यायालयात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयानं तसं धरून चालायचं.

यात नमुना किती होता? एक निकाल. प्रश्नावल्या? शून्य. आपल्या पद्धतीनं मार्क द्यायचे तर नापास.

देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात येतं, आणि त्याच जिल्ह्यात बरोबर उलट्या तऱ्हेचं संशोधन उभं राहिलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांचं. गावातल्याच बाईला शिकवायचं, तिनं घरी जाऊन नवजात बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. ३९ गावांत हे केलं आणि शेजारच्या ४७ गावांत केलं नाही. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. तुलनेत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले. इथे ती ४७ गावं नसती तर कुणी विश्वास ठेवला नसता, आणि ठेवायलाही नको होता. पाऊसपाणी बरं झालं म्हणून मुलं वाचली असतील, असं कुणीही म्हटलं असतं. इथे मोजणीच लागते, आणि तीही न कंटाळता, घरोघर, रात्री-अपरात्री. जिल्हा एकच. एकीकडे एका शब्दाचा अर्थ नीट लावला, दुसरीकडे बाळं मोजली. दोघांच्या पुराव्यांची अदलाबदल करून बघा, दोन्ही कामं कोसळतील.

म्हणजे मी आकड्यांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये (आणि माझं पोट ग्राफवरही चालतं, हे वर कबूल केलंच आहे). दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. जुनी आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेली, नाणी त्यांनी तराजूवर तोलली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, वजन उतरतं, आणि एकाच जातीच्या नाण्यांच्या वजनांत तफावत वाढत जाते. त्यावरून कुठलं नाणं किती फिरलंय याचा हिशेब लावता येतो. आकड्यांनी इतिहास बोलता झाला. पण त्याच कोसंबींनी भर्तृहरीच्या सुभाषितांची आवृत्ती काढली तेव्हा पोथ्यांशी पोथ्याच ताडून पाहिल्या. कुठे तराजू काढायचा आणि कुठे नाही, ही अक्कल त्यांना होती. तीच आता फॉर्ममध्ये भरता येत नाही म्हणून कुणाला नकोशी झालीय.

ओव्यांचंही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या, गावोगावच्या. एवढा ढीग असेल तर मोजावं, मोजल्यानं काही दिसेल. या मुलीकडे ओव्या आहेत एकशे चाळीस, एका गावच्या, नऊ बायकांनी सांगितलेल्या. त्यात ३४ टक्के भाऊ निघाला म्हणून काय कळलं?

आणखी एक किस्सा, मग संपवतो. प्रबंधातला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो, त्या साम्याच्या टक्केवारीचा नियम २०१८ पासून आला. दहा टक्क्यांपर्यंत माफ, वर गेलं की प्रश्न. चांगलं आहे, चोऱ्या खूप होत होत्या. तीनशे पानांचा प्रबंध आणि त्यात स्वतःची तीस, असे मी बांधलेत, नाव घेत नाही. पण एक कायद्याचा विद्यार्थी रडवेला होऊन आला. त्याचं साम्य निघालं ३८ टक्के. का, तर निकालांतले उतारे आणि कायद्याची कलमं जशीच्या तशी. अवतरणं वगळायची सोय नियमात आहे, पण त्याला कुणी ती लावून दिली नाही. 'कमी करून आण' एवढंच सांगितलं. त्यानं काय केलं असेल? कलमांची भाषाच बदलली. 'करील' होतं तिथे 'करू शकेल'. मी टायपिंगवाला, तरी मला कळलं की अरे, यात तर सगळा कायदाच फिरला! टक्केवारी मात्र नऊवर आली.

ओव्यांवाल्या मुलीकडे परत येतो. पाय-चार्ट लावताना सवयीनं तिची परिशिष्टं चाळली. तिसऱ्या परिशिष्टात बारीक टाइपात एक टीप होती. एका आजींना ओव्या आठवेनात. दोन-तीन झाल्या की थांबत. मग कुणीतरी माळ्यावरचं जातं खाली काढलं, आजींनी खुंटा हातात धरला, आणि पुढे बावीस ओव्या ओळीनं आल्या. जातं थांबलं की ओवीही थांबायची.

मी तिला विचारलं, "हे मागे का टाकलंस?"

म्हणाली, "काका, ते डेटात कुठे बसतच नाही."

मी काही बोललो नाही, आपला अधिकार काय? ती बराच वेळ स्टुलावर बसून राहिली. मग म्हणाली, "चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला घेऊ?" घेतलं. पानं सगळी सरकली, अनुक्रमणिका नव्यानं करावी लागली, तळटीपांचे आकडे हलले, रात्रीचे साडेनऊ वाजले. पाय-चार्ट आहे, तो आता पान ११२ वर गेलाय. शनिवारी पाच प्रती न्यायला येणार आहे.