‘काय हवं होतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘जुना मास्तर’ या नावाने आपण ‘इंग्रजीत नम्र प्रश्न कसे विचारावेत’ या माझ्या लेखाखाली लिहिलंत, “कुड हा कॅनचा भूतकाळ, हे पाचवीतल्या पोरालाही कळतं. आधी स्वतः शिका, मग क्लास काढा.” शिवाय एक वाक्य चुकलंय, मराठीतून इंग्रजी शिकवणं ही फसवणूक आहे आणि लेख लांबलाय, हेही.

लेख नम्रपणे बोलण्यावर आणि त्याखाली ही भाषा! असो. असो म्हणतोय खरा, पण रात्री दोनदा उठून वाचली प्रतिक्रिया. त्यातलं ते ‘क्लास काढा’ लागलं. ठाण्यात, नौपाड्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत ११ वर्षं शिकवतोय, वडापावची गाडी टाकलेली नाही.

चूक मान्य. ‘कुड यू टेल मी व्हेअर इज द काउंटर’ असं गेलं, ते ‘व्हेअर द काउंटर इज’ हवं होतं. घाईत राहिलं, दुरुस्त केलंय. आभारी आहे.

आता तो पाचवीतला पोर. कुड हे कॅनचं भूतकाळी रूप नाही, असं मी कुठे म्हटलंय? ‘आय कुड स्विम ॲट फाइव्ह’, पाचव्या वर्षी मला पोहता यायचं, इथे भूतकाळच. पण ‘कुड यू ओपन द विंडो?’ म्हटलं की खिडकी काल उघडायची नसते, आत्ता उघडायची असते. रूप भूतकाळाचं घ्यायचं, म्हणजे बोलणारा पाऊलभर मागे सरतो आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. विल आणि वुडचं तेच.

हे गोऱ्यांचंच खूळ वाटत असेल तर संध्याकाळी गोखले रोडवर या. कपड्याच्या दुकानात शिरलात की विचारतील, “काय हवं होतं काका?” होतं! सदरा तर आपल्याला आत्ता हवाय. “काय हवंय?” एवढंच कुणी विचारलं, तर आपणच घरी येऊन म्हणाल, काय उर्मट पोरगा आहे. फोनवर “जरा बोलायचं होतं” म्हणतो तेव्हाही बोलणं व्हायचंच असतं ना?

२००६ साली मी नवी मुंबईत महापेला एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करायचो. ग्राहक ब्रिटनचे. पहिल्याच आठवड्यात एका बाईंना म्हणालो, “गिव्ह मी युअर पोस्टकोड, प्लीज.” प्लीज लावलं होतं की! पलीकडून थंड आवाजात “आय बेग युअर पार्डन?”, म्हणजे ‘काय म्हणालात?’ मला वाटलं, ऐकू आलं नाही. तेच मोठ्याने म्हणालो. बाईंनी फोन आपटला. टीम लीडरने पिवळ्या चिठ्ठीवर ‘कुड आय टेक युअर पोस्टकोड, प्लीज?’ लिहून मॉनिटरला चिकटवलं. ती चिठ्ठी नोकरी सोडेपर्यंत तिथेच होती. तुम्ही काळ खडूने शिकवले असतील, मी शिव्या खाऊन शिकलो.

मराठीतून शिकवण्याबद्दल घोडबंदरहून दोन बस बदलून येणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींनाच विचारा. लांबीबद्दल काही बोलत नाही, हेही लांबलंच.

एकच विनंती, पुढच्या वेळी खरं नाव द्याल का? इंग्रजीतच विचारतो : वुड यू माइंड गिव्हिंग युअर नेम? म्हणजे, नाव द्यायला हरकत आहे का? रागाने ‘नो’ म्हणालात तर मी होकार धरीन.