जीपीच्या पत्राचे पैसे: एका फिरत्या संदेशाला उत्तर

इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वरचेवर येतो. त्याचे म्हणणे असे: एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, आपल्या करातून चालते, म्हणून जीपीने, म्हणजे आपण नाव नोंदवलेल्या फॅमिली डॉक्टरने, पत्राचे किंवा फॉर्मचे पैसे मागणे बेकायदा आहे. एका सहीचे पैसे घेणे ही लूट आहे. प्रत्येक सर्जरीचा, म्हणजे जीपीच्या दवाखान्याचा, दर वेगळा असतो हाच त्याचा पुरावा. माणूस गेल्यावरसुद्धा डॉक्टर 82 पौंड घेतात. तेव्हा पैसे भरू नका, असे त्यात म्हटले आहे. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी या संदेशाने नुकसान होते. तो वाचून माणूस रिसेप्शनवर वाद घालतो, तिथे खोटा ठरतो, आणि मग सगळ्याच कागदांना पैसे पडतात असे धरून, जो कागद कायद्याने मोफत आहे त्याचेही मुकाट्याने देऊन येतो.

पहिला मुद्दा कराचा. 5 जुलै 1948 रोजी एनएचएस सुरू झाली तेव्हा उपचार मोफत होते. पण 1951 मध्येच कवळी आणि चष्म्यावर शुल्क आले आणि त्या निषेधार्थ एनएचएसचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. तेव्हा 'सगळे मोफत' ही समजूतच अपुरी आहे. शिवाय बहुतेक जीपी सर्जरी ही सरकारी कचेरी नसून डॉक्टरांनी भागीदारीत चालवलेली आणि एनएचएसशी करार केलेली संस्था असते. इंग्लंडमधील 2015 च्या नियमांनुसार करारात बसणाऱ्या उपचारांसाठी नोंदणीकृत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत, आणि कोणते दाखले मोफत द्यायचे याची यादीही त्या नियमांना जोडलेली आहे. यादीबाहेरचा कागद कोणाला हवा आहे आणि कशासाठी, यावर शुल्काचा प्रश्न ठरतो. विमा कंपनी, व्यायामशाळा, विमानकंपनी किंवा खासगी शाळा यांना हवे असलेले पत्र करारात येत नाही.

त्या यादीकडे संदेश पाहतच नाही, याचे मला अधिक वाईट वाटते. आजारपण सात दिवसांपुढे गेल्यावर नोकरीच्या ठिकाणी द्यावी लागणारी फिट नोट (आजारपणाचा दाखला), प्रसूतिरजेसाठीचा मॅट-बी-वन दाखला, ज्युरीच्या, म्हणजे न्यायालयात पंच म्हणून बसण्याच्या, कामातून आजारपणामुळे सूट मिळण्यासाठीचा दाखला, तीव्र मानसिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीच्या कौन्सिल टॅक्स (स्थानिक घरपट्टी) सवलतीचा दाखला, हे सर्व मोफत आहेत. कौटुंबिक अत्याचाराचा पुरावा म्हणून कायदेशीर मदतीसाठी लागणाऱ्या पत्राचे पैसे घेण्यास 2021 च्या कायद्याने मनाई केली. आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी कर्मचाऱ्याने स्वतः लिहून दिलेले पुरते. त्या काळातही मालक डॉक्टरांचा दाखला मागत असेल, तर तो खासगी दाखला ठरतो. अशा वेळी भांडायचे तर मालकाशी भांडावे.

दुसरा मुद्दा 'एका सहीचा'. माझ्या सासऱ्यांच्या दुखण्यामुळे आमचा पुण्याचा प्रवास रद्द झाला, तेव्हा विमा कंपनीचा फॉर्म घेऊन मी सर्जरीत गेले होते. त्यात सही शेवटच्या रकान्यात होती. त्याआधी पहिले लक्षण कोणत्या तारखेला दिसले, विमा घेतला त्या दिवशी हा आजार ठाऊक होता का, त्या वर्षात औषधे बदलली का, असे प्रश्न होते आणि त्यांची उत्तरे रुग्णालयांच्या जुन्या पत्रांत विखुरलेली होती. चुकीची तारीख लिहिली तर दावा फेटाळला जातो आणि लिहिलेल्याची जबाबदारी डॉक्टरांवर येते. हे काम रुग्ण तपासण्याच्या वेळेतून काढायचे असते, म्हणून त्याचा मोबदला मागण्यात मला गैर काही दिसत नाही.

दर वेगळे असण्याचे कारण साधे आहे. या कामाला सरकारी दरपत्रक नाही. प्रत्येक सर्जरी आपला दर ठरवते. ज्या दाखल्याचा मुख्य हेतू आरोग्यरक्षण नाही, त्यावर 1 मे 2007 पासून व्हॅटही लागू आहे, मात्र तो व्हॅटसाठी नोंदणी केलेल्या सर्जरीच आकारतात. रक्कम मात्र काम हाती घेण्यापूर्वी सांगायला हवी. पत्र तयार झाल्यावर खिडकीशी आकडा सांगणाऱ्या सर्जरीविरुद्ध तक्रार करणे रास्तच आहे.

82 पौंडांची गोष्ट आता जुनी झाली. दहनासाठी लागणाऱ्या वैद्यकीय फॉर्मचे ते शुल्क होते; इंग्लंड आणि वेल्समध्ये 9 सप्टेंबर 2024 पासून मृत्यू तपासण्याची नवी पद्धत लागू झाली आणि तो फॉर्मच रद्द झाला. आज कोणी ते मागितले तर देऊ नये.

पैसे भरण्याआधी पत्र खरेच लागते का, हेही विचारावे. अपंगत्वासाठीच्या पिप भत्त्याच्या अर्जासोबत हाताशी असलेलीच कागदपत्रे पाठवा, पैसे देऊन नवी मागवू नका, असे सरकारच सांगते. अठ्ठावीस आठवड्यांनंतर विमानप्रवास करणाऱ्या गरोदर बाईकडे विमानकंपनी पत्र मागू शकते, पण ते अनेकदा मिडवाइफचेही चालते. भारतातल्या डॉक्टरांना दाखवायला आपल्या नोंदी हव्या असतील, तर 25 मे 2018 पासून त्यांची प्रत सर्वसाधारणपणे मोफत मिळते. सर्जरीला तसे लेखी कळवावे, एक महिन्याच्या आत ती देणे त्यांना बंधनकारक असते.