‘आठ दिवस फाईल दाबून ठेवली’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला ताटकळत राहावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. गिऱ्हाईक नाराज होऊन जावं असं कोणत्याच दुकानदाराला वाटत नाही, आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या छोट्या दुकानाला तर ते परवडतही नाही.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या दुकानाचा एक सॉफ्टवेअरचा ग्रुप आहे. आसपासच्या तालुक्यांतले सेवा केंद्रवाले, शाळांचे मास्तर, पत्रिका-बॅनर करणारे डीटीपीवाले त्यात आहेत. प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी फॉन्ट, युनिकोड कन्व्हर्टर, बोटाच्या ठशाचं मशीन कॉम्प्युटरवर चालवणारी आरडी सर्व्हिस, असं लागेल ते एकमेकांना तिथे मिळते. सदस्याने फाईल ॲडमिनला पाठवायची, ॲडमिन तपासून ग्रुपवर टाकणार, हा पहिल्यापासूनचा नियम आहे. भाऊंनी स्वतः बनवलेली पीक विम्याची एक्सेल फाईल पाठवली होती. त्यांचं म्हणणं असं की ती मी आठ दिवस मुद्दाम दाबून ठेवली, कारण न सांगता नाकारली, आणि दुकानात पन्नास रुपये देणाऱ्यांच्या फाईली मात्र त्याच दिवशी टाकतो.

पन्नास रुपयांचं आधी सांगतो. ग्रुपला फी नाही, कधीच नव्हती. ज्यांच्याकडे नेट चालत नाही ते दुकानात येऊन पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हर भरून नेतात, त्याचे पन्नास रुपये घेतो. त्याचा ग्रुपशी काही संबंध नाही.

पण आठ दिवस मुद्दाम दाबून ठेवली, हे जिव्हारी लागलं भाऊ. हा हिशोब बरोबर नाही, आणि तो तुम्हालाही माहीत आहे.

सोमवारी रात्री तुमची फाईल आली. आली म्हणजे रारचे, म्हणजे झिपसारख्या गठ्ठ्याचे, तीन तुकडे करून पाठवली होती, त्यातला पहिला आणि तिसरा आला, दुसरा आलाच नाही. तिसऱ्याच्या नावापुढे कंसात एक आकडा लागला होता. एकच फाईल फोनवर दोनदा उतरवली की तसं होते आणि मग जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला पुढचा तुकडा सापडत नाही. ते नाव मी स्वतः बदलून घेतलं, त्यासाठी तुम्हाला त्रास दिला नाही. पण मधला तुकडाच नसेल तर फाईल उघडणार कशी? मंगळवारी सकाळी दुकान उघडल्याबरोबर तुम्हाला मेसेज टाकला की दुसरा पार्ट पाठवा. निळ्या टिक आल्या. पार्ट आला शुक्रवारी. त्याला पासवर्ड होता, तो आला शनिवारी. म्हणजे फाईल माझ्यासमोर पहिल्यांदा उघडली ती शनिवारी दुपारी. त्याआधीचे दिवस तुम्ही माझ्या नावावर कसे काय लिहिले?

त्यात तो आठवडा कोणता होता तेही आठवा. जुलैचा शेवट. खरिपाच्या पीक विम्याची ३१ जुलैची तारीख डोक्यावर, दुकानासमोर सकाळपासून माणसं सातबारा आणि पासबुक घेऊन उभी, पोर्टल मधेच अडकलेलं, दुपारी लाइन गेलेली. रात्री शटर ओढल्यावरच मी ग्रुपच्या फाईली पाहतो. हे काम मी एकटा करतो आणि त्याचा मला कोणी पगार देत नाही.

आता उघडल्यानंतरचं. हे मी जाहीर लिहिणार नव्हतो. पण ‘कारण न सांगता’ असं तुम्ही सगळ्या गावासमोर लिहिलं, म्हणून लिहून राहिलो.

तुमची फाईल मॅक्रोची आहे. मॅक्रो म्हणजे फाईलच्या पोटात बसलेला प्रोग्रॅमच. नेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो आता एक्सेल आपणहून बंद ठेवते, वर लाल पट्टी दाखवते. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून हे केलं, कारण वर्षानुवर्षे व्हायरस याच वाटेने शिरत आले. म्हणून अशी फाईल मी ओळ न ओळ वाचतो, मगच पुढे पाठवतो. तुमचा कोड वाचला. खरं सांगतो, काम चांगलं आहे. गट क्रमांक आणि क्षेत्र एकदा भरलं की हप्त्याची रक्कम आपोआप निघते, एका गावाची यादी पाच मिनिटांत तयार होते. मला कौतुकच वाटलं, आणि तसं मी तुम्हाला कळवलंही होतं.

पण कोडच्या खिडकीत एक शीट दिसली. ती साधी लपवलेली नव्हती. टॅबवर राइट क्लिक करून अनहाइड केलं तरी दिसत नाही, फक्त मॅक्रोच्या खिडकीतूनच उघडते, तशा प्रकारची. तिच्यात तुमच्याच भागातल्या शेतकऱ्यांची खरी नावं, बँकेचे खाते नंबर आणि आधार नंबर होते. टेस्टिंगसाठी भरलेली यादी तशीच राहून गेली असावी. वाईट हेतूने ठेवली असं मी अजिबात म्हणत नाही. पण ती फाईल ग्रुपवर टाकली असती तर रात्रीतून ती शेकडो फोनमध्ये गेली असती आणि परत घेता आली नसती. आधार नंबर असा जाहीर पसरवायला २०१६ च्या आधार कायद्याने मनाई आहे. आणि ज्यांच्या पोटाला चिमटा बसेल ते शेतकरी तर त्या ग्रुपमध्येही नाहीत.

त्यामुळे आणखी एक अडचण झाली. एरवी कोणतीही फाईल मी आधी व्हायरसटोटल नावाच्या साइटवर टाकतो. तिथे सत्तरच्या वर अँटीव्हायरस एकाच वेळी फाईल तपासतात, फुकट. पण पासवर्ड घातलेली रार टाकली तर आत काय आहे ते त्यांना दिसत नाही. आणि पासवर्ड काढून टाकली तर ती फाईल त्यांच्याकडे जमा होते, सुरक्षेचं काम करणाऱ्या कंपन्यांना ती उतरवून घेता येते. लोकांचे खाते नंबर असलेली फाईल मी तिथे कशी टाकू? म्हणून नेट काढलेल्या वेगळ्या कॉम्प्युटरवर तपासावी लागली. त्याला वेळ लागतो.

रविवारी तुम्हाला फोन केला, उचलला नाही. मग मेसेजमध्ये सविस्तर लिहिलं: ही शीट काढा, पासवर्ड काढा, सोबत चार ओळींची माहिती द्या, लगेच टाकतो. ग्रुपवर न लिहिता तुम्हाला एकट्याला लिहिलं, कारण चारचौघांत तुमचं नाव खराब होऊ नये. त्याचं उत्तर मंगळवारी रिव्ह्यूमध्ये मिळालं.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाचा प्रिंटर ड्रायव्हर संध्याकाळच्या संध्याकाळी टाकला, हे खरं आहे. तो कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घेतला होता, लिंक सोबत होती, आणि फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपनीची डिजिटल सही होती. ते पाहायला दोन मिनिटं पुरतात. घरी बनवलेल्या फाईलला अशी सही नसते, तिथे माणसालाच डोळे लावून बसावं लागते. कापूस घेताना आधी ओलावा पाहतात तेव्हा गाडी उभी राहते, तसंच हे.

आणि मी एवढा काऊन जपतो, तेही ऐका. आपल्या भागात अजून कितीतरी सेवा केंद्रांत विंडोज ७ चालू आहे. तिचे सुरक्षेचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झाले, विंडोज १० चेही ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. २०१७ चा वॉनाक्राय, फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, आठवत असेल: दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, ज्यांनी ती टाकली नाही त्यांच्या फाईली मे महिन्यात कुलूपबंद झाल्या. आपल्याकडच्या मशीनवर लोक अंगठा लावून निराधारचे, पेन्शनचे पैसे काढतात. आरडी सर्व्हिसच्या नावाखाली भलतंच काही तिथे बसलं, तर नुकसान ज्या म्हातारीचं होईल तिला ग्रुप म्हणजे काय हेही माहीत नाही. व्हायरसमुळे सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसलेले पेनड्राइव्ह तर आमच्या काउंटरवर आजही येतात.

मोठ्या ठिकाणीही तपासणीला वेळ लागतोच. डेबियन नावाच्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नवीन पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर, आलं की स्वयंसेवक त्याचा परवाना आणि आतला माल पाहेपर्यंत ते रांगेत थांबते, कधी आठवडे जातात. एफ-ड्रॉइड या अँड्रॉइडच्या फुकट ॲपच्या साठ्यावर नवीन ॲप यायलाही दिवस लागतात, कारण ते मूळ लिहिलेल्या कोडवरून ॲप स्वतः तयार करतात. आणि एवढं करूनही मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या साध्या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा निघाला, ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत. घालणारा माणूस आधी वर्षानुवर्षे चांगलं काम करून विश्वास मिळवत होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकलं, म्हणून सापडलं. ओळखीच्या माणसाची फाईलसुद्धा मी उघडून पाहतो ती याच कारणाने. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही.

क्रॅक केलेलं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, विकत न घेता सॉफ्टवेअर चालू करून देणारे ॲक्टिव्हेटर, हे आम्ही टाकत नाही, कितीही ओळख असली तरी. त्यावरूनही काही जण नाराज आहेत, ते असू द्या.

तुमच्या रिव्ह्यूनंतर एका शाळेने कॉम्प्युटर दुरुस्तीचं ठरलेलं काम थांबवलं. ‘तुमच्या ग्रुपचं असं ऐकलं’ एवढंच म्हणाले. दुकानाचं भाडं आहे, कामावर एक पोरगा आहे, घरी लेकरं शिकतात. नकाशावर आमचं दुकान उघडलं की सगळ्यात वर तुमच्या त्या ओळी दिसतात. तुम्ही रागात दोन मिनिटांत लिहून मोकळे झाले असाल, पण मला प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावत बसावं लागून राहिलं.

तरी काही गोष्टी सुधारू. फाईल मिळाली की ‘मिळाली, तपासणी चालू’ असा मेसेज जाईल अशी सोय करतो, काय-काय सोबत पाठवायचं ते ग्रुपवर वर पिन करून ठेवतो, आणि गर्दीच्या दिवसांत तपासायला आणखी कोणाला सोबत घेता येते का तेही पाहतो.

तुमची फाईल माझ्याकडून कोणाकडेही गेलेली नाही. नवीन कॉपी आली की ही पुसून टाकीन. ती शीट काढा, तुकडे न करता एकच झिप करा, पासवर्ड नको. फाईल मोठी म्हणून तुकडे केले असतील तर त्याची गरज नाही, दोन जीबीपर्यंतची फाईल व्हॉट्सॲपवरही जाते. रब्बीच्या विम्याला ती लोकांच्या कामी येईल आणि खाली तुमचं नाव राहील. जमलं तर पेनड्राइव्ह घेऊन दुकानातच या, दोघं मिळून कोड पाहू. फक्त बाजाराच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी बोलायला फुरसत नसते. आणि रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही, स्टारही एकच राहू द्या, पण पैसे घेऊन फाईली टाकतो ही ओळ खरी नाही, तेवढी दुरुस्त करा.