गोल लाइनवर क्वार्टरबॅकला शिव्या घालण्याआधी

अमेरिकन फुटबॉलची मॅच हरली की क्वार्टरबॅकला (पास टाकून चाल चालवणाऱ्या खेळाडूला) शिव्या घालणं हा सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातला सोमवारचा ठरलेला कार्यक्रम. ऑफिसात होतो, कारपूलमध्ये होतो आणि हल्ली आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही होतो. काल-परवापर्यंत ज्यांना 'डाउन' म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तेसुद्धा आपल्या क्वार्टरबॅकबद्दल, ब्रॉक पर्डीबद्दल, ठणकावून सांगतात, "पर्डी प्रेशर घेतो हो. सगळं मैदान छान पार करतो आणि शेवटच्या पाच यार्डांत हातपाय गाळतो." त्याच्या आधी हेच पूर्वीच्या क्वार्टरबॅकबद्दल, कॅपर्निकबद्दल ऐकलंय. माणसं बदलली, निदान तेच. मला ते कधीच पटलं नाही, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. इथल्या फोर्टीनाइनर्स संघाचा फॅन आहे, त्यामुळे तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मैदान १०० यार्ड लांब, साधारण ५३ यार्ड रुंद आणि दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचे एंड झोन; एंड झोन जिथे सुरू होतो ती गोल लाइन. चार प्रयत्नांत (म्हणजे 'डाउन'मध्ये) १० यार्ड पुढे सरकलात की नवे चार प्रयत्न मिळतात. चेंडू एंड झोनमध्ये नेला की टचडाउन, ६ गुण. जमलं नाही तर किक मारून फील्ड गोल, ३ गुण. बस, एवढ्यावर पुढचं कळेल.

आता गणित बघा. ऑफेन्स (चेंडू ताब्यात असलेला संघ) मिडफिल्डला उभा असतो तेव्हा त्याच्यापुढे ५० यार्ड मैदान आणि १० यार्ड एंड झोन, म्हणजे ६० यार्ड खोली असते. रुंदीने गुणलं की ३२०० चौरस यार्ड. तेवढी जागा डिफेन्सच्या ११ जणांना राखायची असते. हाच ऑफेन्स ५ यार्डांच्या रेषेवर आला की खोली उरते फक्त १५ यार्ड. जागा ८०० चौरस यार्ड. बरोबर पाव. राखणारे मात्र तेच ११. क्रिकेटमध्ये समजा बाउंड्रीच तीस यार्डांच्या सर्कलवर आणून ठेवली आणि वर नियम केला की चेंडू तिच्यापलीकडे गेला तर धावच मोजायची नाही. मग लाँग ऑनला कोण कशाला उभा राहील? सगळे नऊच्या नऊ फिल्डर बॅट्समनच्या अंगावर येतील. गोल लाइनवर नेमकं हेच होतं. खोलवर राखण करणारे सेफ्टी पुढे येतात, कारण त्यांच्या पाठीमागे धोकाच नसतो. एंड झोनच्या मागच्या रेषेबाहेर पकडलेला चेंडू बाद, म्हणजे ती रेषाच डिफेन्सचा बारावा गडी. आणि मागे पळायची भीती नसल्यामुळे प्रत्येक जण निवांत क्वार्टरबॅकच्या डोळ्यांकडे बघत बसू शकतो.

यात सगळ्यात जास्त मार कोणाला बसतो? आपले कोच काइल शॅनहनच्या ऑफेन्ससारख्या ऑफेन्सला. त्याचा सगळा खेळ जागा तयार करण्यावर आहे. रनचं (चेंडू हातात घेऊन पळण्याचं) नाटक करायचं, लाइनबॅकर (डिफेन्सची मधली फळी) दोन पावलं पुढे आले की त्यांच्या आणि सेफ्टींच्या मधल्या पोकळीत रिसीव्हर (पास पकडणारा) सोडायचा आणि पर्डीने ठरल्या क्षणी चेंडू तिथे टाकायचा. पर्डीचं कसब याच टायमिंगमध्ये आहे. २०२२च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) अगदी शेवटचा, २६२वा निवडलेला पोरगा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत पोचला तो त्याच्याच जोरावर. पण ५ यार्डांवर ती पोकळीच शिल्लक नसते. लाइनबॅकर दोन पावलं पुढे आला तरी मागे सेफ्टी हाताच्या अंतरावर उभा. मग म्हणायचं पर्डी गडबडला.

नसेल पटत तर थोडं जुनं उदाहरण घ्या, आपल्याच बाजूचं. जानेवारी १९८२, सुपर बोल, समोर सिनसिनाटी बेंगॉल्स. त्यांचा क्वार्टरबॅक केन अँडरसन त्या सीझनचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. त्या मॅचमध्ये त्याने ३४ पैकी २५ पास पूर्ण केले, ३०० यार्ड काढले. तरी तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३ यार्डांवरून मिळालेले चार प्रयत्न बेंगॉल्सनी वाया घालवले. तिसऱ्या प्रयत्नात अँडरसनचा पास चार्ल्स अलेक्झांडरच्या हातात नीट पोचला होता! डॅन बन्झने त्याला एंड झोनच्या एक यार्ड अलीकडे असा धरला की तो पुढे सरकलाच नाही. चौथ्या प्रयत्नात पीट जॉन्सनसारखा धिप्पाड फुलबॅकही तिथेच अडकला. आपण २६-२१ जिंकलो. इथले जुने फॅन अजून ती कहाणी डोळ्यांत पाणी आणून सांगतात, पण अँडरसन घाबरला असं त्यांच्यातला एकही जण म्हणत नाही. समोरचा अडकला की आपला डिफेन्स महान आणि आपला अडकला की क्वार्टरबॅक भित्रा, हा कुठला न्याय?

आता दुखरी जागा. फेब्रुवारी २०१३, न्यू ऑर्लिन्स, पुन्हा सुपर बोल. मध्येच ३४ मिनिटं दिवे गेले होते तीच मॅच. बाल्टिमोर रेव्हन्स २८-६ पुढे होते, तिथून फोर्टीनाइनर्स ३१-२९पर्यंत आले. त्यात चौथ्या क्वार्टरमध्ये कॅपर्निक स्वतः १५ यार्ड पळून टचडाउन करून आला होता. मग रेव्हन्सच्या फील्ड गोलने ३४-२९. शेवटच्या ड्राइव्हमध्ये (चेंडू ताब्यात असतानाच्या सलग चढाईत) आपला पळणारा गडी फ्रँक गोर ३३ यार्ड पळाला आणि आपण ७ यार्डांवर. चार प्रयत्न, हवाय एक टचडाउन. पहिल्या प्रयत्नात लामायकल जेम्स पळाला, २ यार्ड. पुढचे तिन्ही प्रयत्न पास. तिन्ही रिसीव्हर मायकल क्रॅबट्रीकडे. तिन्ही अपूर्ण. मधल्या एका प्रयत्नाआधी प्ले क्लॉक (चाल सुरू करायची वेळ) संपत आला म्हणून तेव्हाचा कोच जिम हार्बॉला टाइमआउट घ्यावा लागला.

शेवटच्या पासवर क्रॅबट्रीला धरलं होतं, होल्डिंग द्यायला हवं होतं, हा वाद इथे मरेपर्यंत चालणार आहे. मलाही वाटतं द्यायला हवं होतं. पण माझा राग रेफरीवर नाही. त्या दिवशी गोर १९ वेळा पळून ११० यार्ड काढतो आणि ७ यार्डांवर आल्यावर त्याच्या हातात एकदाही चेंडू जात नाही. व्हर्नन डेव्हिसने पास पकडून १०४ यार्ड काढलेत, त्याच्याकडेही नाही. आणि ज्या क्वार्टरबॅकचे पाय रेव्हन्सना सापडत नव्हते, तो चारही प्रयत्नांत एकदाही पळत नाही. कॅपर्निक आज राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसल्यामुळे जगाला माहीत आहे, पण आम्हाला तो त्या न झालेल्या पळण्यामुळे आठवतो.

क्वार्टरबॅकने पळण्याचं महत्त्व का, तेही साध्या आकडेमोडीचं आहे. नेहमीच्या रनमध्ये क्वार्टरबॅक चेंडू देतो आणि बाजूला होतो. चेंडू घेऊन पळणारा एक. म्हणजे अडवायला उरले नऊ, समोर अकरा. क्वार्टरबॅकच पळाला तर अडवणारे दहा. मोकळ्या मैदानात एका माणसाने फारसं बिघडत नाही, कारण अकरापैकी दोन-तीन जण लांब उभे असतात. गोल लाइनवर सगळे अकरा तोंडाशी असतात, तिथे तो एक माणूस म्हणजे टचडाउन. फिलाडेल्फिया ईगल्सनी याचंच टोक गाठलं. त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स चेंडू घेऊन घुसतो आणि मागून सहकारी त्याला ढकलतात, तो टश पुश. बघायला अगदीच कुरूप प्रकार. पण इतका खात्रीचा की २०२५मध्ये बाकीच्या संघांनी त्यावर बंदी आणायचा प्रयत्न केला. २४ मतं हवी होती, २२ पडली.

'मग सरळ रनच करा ना' म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. सिएटलचं २०१५च्या सुपर बोलचं उदाहरण ते दर वेळी तोंडावर फेकतात. एका यार्डावर, २६ सेकंद शिल्लक, पळणाऱ्या मार्शॉन लिंचला द्यायचं सोडून क्वार्टरबॅक रसेल विल्सनने पास केला आणि पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने तो मध्येच पळवला. जगातला सगळ्यात मूर्ख निर्णय, असं सगळे म्हणतात. मला तो निर्णय मूर्खपणाचा वाटत नाही. समोर पेट्रियट्सनी रन अडवणारी माणसं उभी केली होती, सिएटलकडे एकच टाइमआउट होता, आणि त्या सीझनमध्ये लिंचलाही एका यार्डावरून पाचपैकी एकदाच टचडाउन करता आलं होतं. चूक पासची नव्हती, पास कुठे टाकला त्याची होती. मधोमध, गर्दीत. तोच चेंडू कोपऱ्यात गेला असता तर फार तर अपूर्ण राहिला असता.

अरुंद जागेतही जागा कशी काढायची, ते कॅन्सस सिटीचा कोच अँडी रीड दाखवतो. २०२३च्या सुपर बोलमध्ये त्याने ईगल्सविरुद्ध दोनदा एकच युक्ती केली. रिसीव्हर स्नॅपच्या (चेंडू क्वार्टरबॅककडे येण्याच्या) आधी चेंडूच्या दिशेने आत धावायला लागतो, डिफेन्स त्याला पलीकडच्या माणसाकडे सोपवायच्या तयारीत, आणि तो गर्रकन उलटा बाहेर. आधी कडेरियस टोनी, मग स्काय मूर, दोघेही एंड झोनमध्ये एकटे उभे. त्यांचा क्वार्टरबॅक महोम्सला कसलंही दिव्य करावं लागलं नाही.

आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२४, लास व्हेगास, सुपर बोल, समोर तेच कॅन्सस सिटी. ओव्हरटाइम. फोर्टीनाइनर्स ९ यार्डांवर, तिसरा प्रयत्न, ४ यार्ड हवेत. त्यांच्या डिफेन्सच्या ख्रिस जोन्सला कोणी अडवलंच नाही, तो थेट पर्डीच्या अंगावर. पास घाईत, अपूर्ण. धड वेळही न मिळालेल्या माणसाला आपण 'प्रेशर घेतो' म्हणतो. मग २७ यार्डांचा फील्ड गोल, २२-१९. आता चेंडू महोम्सकडे. त्याला टचडाउन केलं की मॅच हे पक्कं माहीत, आणि म्हणून चारही प्रयत्न वापरायची मोकळीक. त्याने वापरलेही, चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा होता तेव्हा तो स्वतःच चेंडू घेऊन ८ यार्ड पळाला. शेवटी ३ यार्डांवरून रिसीव्हर मिकोल हार्डमन, पुन्हा त्याच आत-बाहेरच्या हालचालीच्या जातीची चाल, पुन्हा मोकळा. २५-२२.

माझं म्हणणं, चौथ्या प्रयत्नात ४ यार्डांसाठी जायला हवं होतं. नसतं जमलं तर कॅन्सस सिटीला आपल्याच एंड झोनच्या तोंडाशी सुरुवात करावी लागली असती. ३ गुण घेऊन महोम्सच्या हातात चेंडू देणं ही सावधगिरी नव्हती, नुसती सवय होती, आणि ती पर्डीची नाही, साइडलाइनवर हेडसेट लावून उभ्या असलेल्या माणसाची. ज्यांना वाटतं किकच बरोबर होती त्यांनी खाली जरूर लिहा. फक्त 'पॉइंट्स ऑन द बोर्ड' एवढंच लिहून पळू नका, पुढच्या ड्राइव्हमध्ये महोम्सला कसं थांबवणार होतात तेही सांगा.