दुय्यम पात्रं म्हणजे नायकाचे भाट नव्हेत

इसेकाईबद्दल, म्हणजे नायक आपल्या जगातून दुसऱ्याच जगात जाऊन पडतो त्या जपानी कथाप्रकाराबद्दल, एक मत हल्ली सगळीकडे फिरतंय: 'नायक सोडला तर बाकीची पात्रं एकाच साच्यातली, त्यांचं काम नायकाची वाहवा करणं, ती काढून टाकली तरी गोष्ट तीच राहते.' पुष्कळ मालिकांना हे लागू पडतं, मान्य. पण त्याच यादीत 'री:झिरो' या मालिकेचंही नाव घेतात, तेव्हा राहवत नाही.

आधी वाहवा. तप्पेई नागात्सुकींच्या या कथेत (ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका, आलं २०१६ साली) नायक सुबारू मेला की मागच्या एखाद्या क्षणी पुन्हा जागा होतो. ज्या रेमला लोक 'नायकावर भाळलेली मोलकरीण' म्हणतात, ती सुरुवातीला संशयापोटी साखळीच्या काटेरी गोळ्याने त्याचा जीव घेते. ही कसली आरती?

साचा एकच, हे तर मुळीच पटत नाही. अठराव्या भागात खचलेला सुबारू रेमला म्हणतो, सगळं सोडून माझ्यासोबत पळून चल. तिचं त्याच्यावर प्रेम आहे. घर, नोकरी, मुलं, एकत्र म्हातारं होणं, सगळा संसार ती बोलून दाखवते, आणि मग नाही म्हणते. हार मानणं तुम्हाला शोभत नाही, तुम्ही माझे हिरो आहात, असं सांगून त्याला उभं करते. हा प्रसंग मी कितीदा पाहिलाय, तरी तिचा तो नकार दर वेळी आत लागतो.

व्यापारी ओट्टो याच्या बरोबर उलट. दुसऱ्या सीझनमध्ये सुबारू सगळा भार एकट्याने ओढत असतो, ओठांवर उसनं हसू. ओट्टो त्याला ठोसा मारून खाली पाडतो. मित्रासमोर कसला आव आणतोस, असं सुनावतो. रेमला त्याच्यात हिरो दिसतो, ओट्टोला मदत लागणारा साधा माणूस. रेमचा शब्द त्याला चालवतो, पण त्याच शब्दाचं ओझंही होतं. ते खाली ठेवायला ओट्टोच लागतो.

राहिलं काढून टाकण्याचं. प्राण्यांची भाषा कळणं एवढीच देणगी असलेला ओट्टो स्वतःहून कितीतरी बलाढ्य अशा गार्फिएल नावाच्या लढवय्याला जंगलात अडवून धरतो, का, तर सुबारूला, त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या एमिलियाशी बोलायला वेळ मिळावा. ओट्टोला काढून टाकलं, तर हा वेळच मिळत नाही. आणि पहिल्या सीझनमध्ये, सुबारूच्या मरून परतण्याच्या एका फेरीत, पांढरा देवमासा नावाचा अजस्र राक्षसी प्राणी दिसताच घाबरून सुबारूला गाडीतून ढकलून देणारा माणूस तो हाच.