काचेचं हँडल

गेल्या पावसाळ्यात नौपाड्यात भाजीवाल्याला पैसे द्यायला काच खाली करत होतो, तर हँडल माझ्या हातात आलं. काच जागच्या जागी. शेवटी दार उघडून पैसे दिले. त्यानंतर महिनाभर मी जगाशी दार उघडूनच बोलत होतो. ऑक्टोबर 2024पासून मुलुंड नाक्यावर छोट्या गाड्यांना टोल माफ झालाय हे नशीब. नाहीतर तिथेही अर्धं अंग बाहेर काढून उभं राहावं लागलं असतं.

गाडी 2009ची. नाव सांगत नाही, म्हातारपणी उगाच बदनामी नको. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेऊन पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून आणलंय. इंजिन ठणठणीत.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या मेकॅनिकने हँडल उलटंसुलटं करून पाहिलं, फडक्याने पुसलं आणि हळूच बाकावर ठेवलं. त्या पुसण्यावरूनच मी काय ते समजलो.

"काका, मॉडेल बंद झालंय. कुर्ल्याच्या भंगारातसुद्धा मिळणार नाही."

"अरे, पण एवढी चांगली गाडी बंद का केली?"

हे विचारायला नको होतं. त्याने दोन कटिंग मागवले.

"2019ला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि एअरबॅग सक्तीची झाली, धडकेच्या चाचण्या आल्या. त्यातच मारुतीची ओम्नी व्हॅन गेली. तिला नाकच नाही, धडक सोसणार कोण? 2020ला धुराचा नवा कडक नियम, बीएस-सिक्स. आता छोटी गाडी म्हणून धूर गाळायचं सामान कोणी अर्ध्या किमतीत देतं का? काकूंना विचारा, तीनशेच्या साडीला पाचशेचं फॉल-पिको करतील का?"

मारुती 800चंही हेच झालं होतं. 1983ला आली. 2010मध्ये मुंबई-पुण्यासह तेरा शहरांत बीएस-फोर लागू झालं, तर कंपनीने इंजिन बदलत बसण्यापेक्षा तिथली विक्रीच थांबवली. 2014ला ती कारखान्यातूनही गेली. ह्युंदाईची सँट्रो तर निवृत्त होऊन 2018ला पुन्हा कामावर रुजू झाली आणि चार वर्षांत परत घरी बसली.

"आणि लोकांना हवी उंच गाडी," त्याचं चालूच. "लांबी चार मीटरच्या आत बसवली की छोट्या गाडीची कराची सवलत तिलाही मिळते. मग बुटकी कोण घेणार? घोडबंदरचे खड्डे बघितलेत ना?"

मी म्हटलं, "आम्ही अजून हिचंच कौतुक करतो."

"सोळा वर्षांत गाड्या किती घेतल्या?"

"एकच."

"मग? कौतुकावर कंपनीचा पगार निघतो का?"

मी चहात बिस्किट बुडवलं. ते तुटून आत पडलं. म्हणजे गाडी बंद पाडण्यात आमचाही हातभार होता, आणि आमच्या सोसायटीत तर असे खुनी निदान चार आहेत.

त्याने मागच्या दाराचं हँडल काढून पुढे बसवलं. मागची काच आता कायमची बंद. मागे बसतं कोण म्हणा, नारळाची पोती आणि छत्र्या.

परतताना माजिवड्याच्या सिग्नलला शेजारी हुबेहूब माझीच गाडी येऊन थांबली. तोच रंग, तोच पोचा, बंपरसुद्धा तसाच एका बाजूने लोंबलेला. मी ऐटीत, सावकाश, काच पूर्ण खाली केली. पलीकडचे गृहस्थ माझ्या हाताकडे टक लावून बघत होते. मग भर पावसात त्यांनी दार उघडलं आणि ओरडले,

"अहो, हँडल कुठे मिळालं?"