पांढरी पाच

बायकोनं विचारलं, "केवढ्याला पडला?"

मी म्हणालो, "अठरा किलोंचा आहे."

यात खोटं काही नाही. प्रश्न तेवढा मी माझ्या सोयीनं ऐकला. तिनंही पुढे ताणलं नाही, कारण ते १८ किलो त्या वेळी माझ्या दोन्ही हातांत होते, लिफ्ट बंद होती, आणि चपला काढायच्या कशा हा प्रश्न पैशांपेक्षा तातडीचा होता.

वस्तू म्हणजे सीडी प्लेअर. जपानी, १९८९ सालचा, सेकंडहँड. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, आत सांगाड्याला तांब्याचा मुलामा. कंपनीचं नाव सांगत नाही. तिचा काही दोष नाही, पुढे जे झालं ते सगळं माणसांनीच केलं. मुलगा खोक्याकडे बघून म्हणाला, "बाबा, फोनमध्ये सगळी गाणी आहेत की. हे म्हणजे घरात फ्रीज असताना माठ आणणं झालं." आई आतून म्हणाली, "पाणी माठातलंच गार लागतं." माझ्या बाजूनं या घरात उच्चारलं गेलेलं ते पहिलं आणि शेवटचं वाक्य.

आता खरं सांगतो. मला आवाजाचं वेड नव्हतं, ट्रेचं होतं. कॉलेजात असताना एका मित्राच्या आखातातल्या काकांकडे असं यंत्र पाहिलं होतं. बटण दाबलं की ट्रे बाहेर यायचा. फट्कन नाही. मंगल कार्यालयातला मुरलेला वाढपी जिलबीचं ताट पुढे करतो, तशा आदबीनं. काकांनी तबकडी ठेवली, ट्रे तितक्याच आदबीनं आत गेला, आणि पुढं काय वाजलं ते मला आजही आठवत नाही. पण ट्रे आठवतो. पस्तीस वर्षं माणूस अशा गोष्टी मनात धरून बसतो आणि पीएफचे पैसे हातात आले की त्याचं काहीतरी होतं.

विकणारे गृहस्थ मुलुंडचे. मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. हा प्लेअर त्यांनी योकोहामाला बंदरात असताना घेतला होता, नवाकोरा. मी विचारलं, "काका, इतका जपलात, मग विकताय का?" ते म्हणाले, "तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली. कानांचा वरचा मजला रिकामा झालाय. सतार वाजली तर ती मला दिसते, ऐकू येत नाही." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की घासाघीस करायची म्हणून पाठ करून आलेली माझी वाक्यं घशातच राहिली. मागितले तेवढे मोजून दिले. आकडा इथंही सांगत नाही, बायको वाचते.

त्यांनी यंत्र वाजवून दाखवलं. मग स्वतः उलटं करून, स्क्रूड्रायव्हर घेऊन खालून काहीतरी केलं, मला काहीतरी समजावलं, आणि मूळच्या खोक्यात, मूळच्या थर्मोकोलमध्ये बसवून दिलं. ते समजावत होते तेव्हा माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं: हे खोकं जिन्यावरून उतरवायचं कसं. सोबत एक ट्रान्सफॉर्मर दिला, पाच किलोंचा. "हा मधे लावायचा. जपानात घरची वीज १०० व्होल्ट, आपली २३०. सरळ प्लगमध्ये घातलात तर धूर निघेल, गाणं निघणार नाही." एवढं मात्र मी नीट ऐकलं.

मुलुंड ते डोंबिवली टॅक्सी करता आली असती. पण मोठी रक्कम उडवल्यावर मराठी माणूस लगेच छोटी रक्कम वाचवायला घेतो. मी स्लो लोकलच्या मालडब्यात चढलो. तिथं टोपल्या घेऊन दोन कोळणी होत्या, एक फुगेवाला होता आणि एक सायकलचं चाक होतं, त्याचा मालक शेवटपर्यंत दिसला नाही. ठाण्याला एकानं विचारलं, "इन्व्हर्टर का?" मी म्हटलं, "सीडी प्लेअर." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग कनवाळूपणे म्हणाला, "बॅटरी वेगळी घ्यावी लागंल." कळव्याला गर्दी वाढली. एक मावशी खोक्याकडे पाहत म्हणाल्या, "भाऊ, मजबूत हाय ना?" मी अभिमानानं म्हणालो, "एकदम." चुकलंच. मावशी बसल्या. तबकडीला कंप पोचू नये म्हणून जपानी अभियंत्यांनी हे यंत्र इतकं जड केलं होतं. त्या हिशेबात दिवा स्टेशनचे रूळ आणि वर मावशी हे धरलेलं नसणार.

घरी आल्यावर जागा केली. खाली दगड असला की आवाज घट्ट होतो, असं एका जाणकार मित्राचं म्हणणं. स्वयंपाकघराच्या कामातून उरलेला कडप्पा गॅलरीत पडून होता, तो टेबलावर चढवला. "देवघराला कडप्पा मागत होते तेव्हा नव्हता," आई म्हणाली. ट्रान्सफॉर्मर लावला. बटण दाबलं. ट्रे आला. तसाच! तीच आदब, तेच ताट. घरातल्यांना मी चार वेळा ट्रे दाखवला. मग तबकडी ठेवली. आत जराशी खुडखुड झाली आणि पडद्यावर जे आलं त्याचा अर्थ: तबकडी नाही.

काढली, पुसली, ठेवली. तबकडी नाही. दुसरी ठेवली. नाही. मुलगा म्हणाला, "त्याला दाखव ना, ही बघ तबकडी."

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आणला. त्यानं वरच्या झाकणाचे स्क्रू काढले, आत टॉर्च मारला, लेसरच्या भिंगाला कापसानं स्पिरिट लावलं आणि डॉक्टर बाहेर येऊन चष्मा काढतात तसा चष्मा काढला. "लेसर गेला. हा आता बनत नाही. बाहेरून मागवावा लागेल, आला तर आला." बायको दारात उभी होती. तिनं फक्त "किती?" एवढंच विचारलं, पण ते त्याला नव्हतं.

वाचवलं भाचीनं. ती पुण्यात जपानी शिकते. पुण्यात प्रत्येक घराआड कुणीतरी जपानी शिकतंच. सुट्टीला आली, खोक्यातलं माहितीपुस्तक घेऊन बसली. मला वाटलं, शेवटी लेसरबद्दल काही असेल. ती पहिल्याच पानावर थांबली. "मामा, इथं चौकटीत लिहिलंय, वापरण्यापूर्वी तळाचे दोन लाल स्क्रू काढा. प्रवासात लेसरचा भाग हलू नये म्हणून ते आवळलेले असतात." आम्ही यंत्र उलटं केलं. दोन लाल स्क्रू. चीफसाहेब खालून करत होते ते हेच, आणि समजावत होते तेही हेच. मावशी वर बसूनही यंत्राचं काही बिघडलं नाही तेही याच दोन स्क्रूंमुळे. मेकॅनिकनं वरचे सगळे स्क्रू काढले होते. खाली बघायचं ना त्याला सुचलं, ना मला.

स्क्रू काढले. तबकडी फिरली. आणि मग वाजलं.

आता इथं मला अडचण येते. या छंदातली माणसं आवाजाबद्दल जे बोलतात ते मी दारू न पिणाऱ्यानं वाइनचं वर्णन ऐकावं तसं ऐकत आलोय. 'पार्श्वभूमी काळी आहे', 'मधला भाग ओलसर आहे'. पण एका जुन्या मैफलीची सीडी लावली, तीच, जी मी पंधरा वर्षं साध्या डेकवर ऐकली होती, आणि दोन तानपुरे दोन झाले. आजवर तो एकच होता. पेटीचा भाता दाबल्याचा श्वास आला. आणि विलंबित रंगात आलेलं असताना डाव्या हाताला, साधारण तिसऱ्या रांगेत, एक गृहस्थ खोकले. आई दचकली. थोड्या वेळानं ते पुन्हा खोकले. आई म्हणाली, "कोरडा आहे. अडुळसा द्यायला हवा होता कुणीतरी." तेव्हापासून आमच्या घरी ती सीडी रागाच्या नावानं ओळखली जात नाही. 'खोकल्याची लाव' म्हणतात.

मग मी शिकवायला लागलो, आणि घरच्यांचं दुर्दैव सुरू झालं. जेवताना सांगायचो, हे तंत्र फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून काढलं, पहिला प्लेअर जपानात १ ऑक्टोबर १९८२ ला विक्रीला आला. तबकडी आतून बाहेर वाचली जाते, रेकॉर्डच्या बरोबर उलट. सुरुवातीला ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेला येईतो २०० वर येते. एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० तुकडे. तिच्यावरची रेघ उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरते. डोंबिवलीहून निघाली तर ठाकुर्ली मागे टाकून कल्याणच्या वेशीला लागेल. मुलगा म्हणाला, "आणि लेट होणार नाही." तबकडी गोल गोल पुसायची नाही, मधून कडेकडे सरळ पुसायची, हेही मी सांगितलं. आणि खालच्या चकचकीत बाजूपेक्षा वरची छापील बाजू नाजूक असते, कारण ॲल्युमिनियमचा थर तिच्या लगेच खाली असतो. हे ऐकताना बायको जरा अस्वस्थ झाली. चौकशीअंती कळलं, गॅलरीत कबुतरं येऊ नयेत म्हणून दोऱ्यांना टांगलेल्या तबकड्या माझ्याच कपाटातल्या होत्या. दोन वर्षं लटकत होत्या. कबुतरं त्यांच्याशेजारी बसत.

मी त्या उतरवल्या. एकीवर कबुतरांनी मत नोंदवलेलं होतं. साबणाच्या पाण्यानं धुतली, पंच्यानं टिपली, देवाचं नाव घेऊन ट्रेमध्ये ठेवली. वाजली! सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तबकडीवर माहिती विखरून आणि जादा जोडून लिहिलेली असते, मधलं काही गेलं तर यंत्र गणितानं ते भरून काढतं, हे वाचलं होतं. कबुतरावरही हे गणित चालतं हे नव्यानं कळलं.

उलट आईची, स्टेशनबाहेर घेतलेली, स्वच्छ, कोरी करकरीत '१५० अभंग' लावली, तर पडद्यावर आलं: गाणं एक. आणि शांतता. एकशेपन्नास अभंगांच्या जागी एक मौन. त्या तबकडीवर एमपीथ्री होते, आणि या यंत्राच्या जन्मवेळी एमपीथ्री नावाचं काही बाजारात नव्हतं. आईला मी हे समजावलं. ती म्हणाली, "कबुतरानं बाटवलेली चालते आणि विठ्ठल चालत नाही."

एक गुणगुण मात्र राहिली. गाणं थांबलं, घर निजलं, की बारीक, सलग 'हूं'. स्पीकरमधून नव्हे, टेबलाखालून. ट्रान्सफॉर्मर. मी त्याच्याखाली रबर घातलं, उशी घातली, गोधडीची घडी घातली. मित्राला फोन केले. रात्री दोन वाजता जमिनीला कान लावून झोपलेला सापडलो. शेवटी आईच म्हणाली, "कशाला त्याच्यामागे लागतोस? पांढरी पाच आहे. किंचित चढी." पांढरी पाच म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सूर. आई संगीत विशारद आहे, चाळीस वर्षं कुकर कुठल्या पट्टीत शिट्टी देतो हे सांगत आलीय. मी हिशोब केला. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्याच्या दुपटीनं थरथरतो, म्हणजे १००. पांढरी पाच, खर्जातली, ९८. किंचित चढी! तेव्हापासून आई संध्याकाळी तेच यंत्र चालू करायला सांगते, तबकडी न लावता, आणि खुर्ची ओढून त्याच्याजवळ ओंकार लावते. मी इतका खर्च करून आणलेल्या वस्तूचा घरात सर्वांत नियमित उपयोग हा.

गेल्या महिन्यात चीफसाहेबांचा फोन आला. "रुळला का?" त्यांनी मुलगी दिल्यासारखं विचारलं. मी म्हटलं, या ना बघायला. रविवारी आले, हातात पेढ्यांचा पुडा. लाल स्क्रूंची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, त्यांनी विचारलं, "ते दोन स्क्रू जपून ठेवलेत ना?" मी म्हटलं, डबीत आहेत. त्यांनी ट्रे उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मी माझी सर्वोत्तम तबकडी लावली. ते मान हलवत बसले होते, पण ती सभ्यपणाची मान होती, मला कळत होतं. दोन तानपुरे, भाता, खोकला, काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. मी ती थांबवली.

खोलीत शांतता झाली आणि चीफसाहेब एकदम ताठ बसले. खुर्चीतून वाकून त्यांनी टेबलाखाली हात घातला, गोधडीवर तळवा ठेवला.

"जनरेटर छान चाललाय," ते म्हणाले.

आई म्हणाली, "पांढरी पाच आहे."

"असेल," चीफसाहेब म्हणाले. "मला नीट ऐकू येतंय." हात त्यांनी काढला नाही. मग मी पुन्हा तबकडी लावली नाही. आम्ही तिघांनी चहा घेतला.